गळ्याचं बटण

३ ऑगस्ट

तीर्थरूप आई,

'तीर्थरूप' लिहायचा हक्क मला अजून उरलाय की नाही, हे कुणाला विचारायचं ते कळेना, म्हणून लिहून टाकलं. उरला नसेल तर पेनानं खोडा. फोन करण्यात अर्थ नव्हता. शीतगृहातल्या यंत्रांच्या घरघरीनं तुमच्या कानांची पार वाट लावली आहे. फोनवर तुम्ही 'हो, हो' म्हणता आणि ऐकलेलं काही नसतं.

पत्राचं कारण तुमची कवळी. आमच्या दातांच्या कारखान्यात रोज कितीतरी कवळ्या माझ्या हाताखालून जातात, पण माप घेण्यापासून चकाकी आणण्यापर्यंत सगळी एकटीनं केलेली ती एकच. हिरड्या वर्षागणिक आक्रसतात, कवळी सैल होते, मग तोंड येतं. तुम्ही कुणाला सांगायच्या नाहीत, मऊ मऊ खात बसाल. कुणाला तरी दाखवून घ्या. मलाच दाखवा असं म्हणत नाही.

दुसरं कारण जरा लांबलचक आहे. तुमचं घर सोडल्यावर सकाळचा वेळ मला खायला उठायचा, म्हणून पोहायला लागले. आधी पोहण्याच्या बांधीव तलावात, मग गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात. तुम्ही मला बेडकी म्हणायच्या, ती बेडकी आता सायकल चालवते आणि धावतेसुद्धा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी एक शर्यत आहे. तळ्यात पोहायचं, मग सायकलवर डोंगर चढून पलीकडे उतरायचं आणि शेवटी धावायचं. उजाडताना सुरू होते, माझ्यासारखीला संपवायला दिवस मावळतो. ट्रायथलॉन म्हणतात त्याला. तुमच्या भाषेत सांगायचं तर एका दिवसात तीन वेळा थंडी वाजवून घ्यायची हौस.

शर्यत छोटी आहे आणि तिचा एक जुना नियम आहे. प्रत्येकानं आपला मदतनीस आणायचा. पाण्यातून निघालेल्या माणसाच्या बोटांची लाकडं झालेली असतात, त्याला स्वतःच्या जॅकेटची चेनसुद्धा ओढता येत नाही. म्हणून मदतनीस तंबूत कपड्यांची पिशवी घेऊन उभा राहतो. मदतनीस नसेल तर पाण्यात उतरू देत नाहीत. माझी सायकल दुरुस्त करणारा सायकलवाला यायचा होता, तर नेमका त्याचा घोटा मोडला. मी तुम्हाला बोलावत नाहीये, नुसती हकीकत सांगतेय.

गेल्या वर्षी मला उतारावरून गाडीत घालून आणलं. चकचकीत कागदात गुंडाळून, डब्यात भरल्यासारखं. डोंगरावर तासाभरात ऊन, वारा आणि गारा तिन्ही होतात. सकाळी आभाळ बघून कपडे घालावेत तर दुपारी ते आभाळच दुसरं असतं. तुम्ही अख्खं आयुष्य शीतगृहाच्या दारात उभं राहून काढलंत. आत कोण जाणार, अंगावर काय घालून जाणार आणि बाहेर कधी येणार, सगळं तुम्ही ठरवायच्या. म्हणून विचारते. अशा हवेत माणसानं घालावं तरी काय?

तुमच्या घरातल्या त्या शेवटच्या दिवसाबद्दल मी काहीही लिहिणार नाही.

तुमची (होती ती) बेडकी


११ ऑगस्ट

कवळी ठीक आहे.

गेल्या वर्षी काय घातलं होतंस ते लिहिलं नाहीस, तर मीच सांगते. डोंगराच्या पायथ्याशी थंडी वाजली म्हणून होतं नव्हतं ते सगळं अंगावर चढवलंस. चढावर घामानं भिजलीस. उतारावर तोच घाम बर्फ होऊन पाठीला लागला. आमच्याकडे नवीन माणूस पहिल्या आठवड्यात हेच करायचा. थंडीनं आजारी पडणारे कमी, स्वतःच्या घामानं पडणारे जास्त.

थंडी वाजायच्या आधी घालायचं आणि घाम यायच्या आधी काढायचं. एवढं कळलं की पुरे.

सुती काही घालू नकोस. सूत भिजलं की भिजलेलंच राहतं. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही.

दात वाजतात तोवर घाबरायचं कारण नाही. वाजायचे थांबले की दार उघडायचं आणि माणसाला बाहेर काढायचं.


२० ऑगस्ट

ती. आई,

सही नाही, नाव नाही, 'आशीर्वाद' नाही. पण अक्षर तुमचंच. माल आत-बाहेर झाल्याची नोंद वाचावी तसं वाटलं. तरी पत्र चार वेळा वाचलं.

घाम अगदी बरोबर ओळखलात. परवा तालीम केली. तळ्यातून निघाले आणि तशीच ओल्या अंगानं कपडे घालायला घेतले. लांब बाह्यांचा अंगरखा ओल्या दंडावर अडकला तो अडकलाच. एक हात वर, एक हात आत, डोकं अंगरख्यात, आणि समोर कुत्र्याला फिरवायला आलेले एक काका. त्यांनी सभ्यपणे तोंड फिरवलं, कुत्र्यानं फिरवलं नाही. आता युक्ती सापडली आहे. सुट्या बाह्या मिळतात, त्या मोज्यासारख्या आधीच गुंडाळून ठेवायच्या आणि मनगटापासून वर उलगडत न्यायच्या. ओल्या अंगावरही सरसर चढतात.

बोटांचं मात्र काही जमत नाही. आमच्या कामात बोटंच तर सगळं. दाताची कड नखानं चाचपून कुठे घासायचं ते ओळखणारी माझी बोटं पाण्यातून निघाल्यावर परकी होतात. सायकलवाला म्हणाला होता, तू फक्त उभी राहा, मी बांधीन तुला. पण आता त्याचंच मनगट प्लास्टरमध्ये.

काल कपड्यांची पिशवी भरताना तुमच्या घरातली पहिली सकाळ आठवली. मी कामावर निघाले होते, तुम्ही दारात आडव्या आल्यात. माझ्या कोटाचं गळ्याचं बटण स्वतःच्या हातानं लावलंत आणि डोळ्यांत बघून विचारलंत, "काल भाजी कुणी चिरली?" मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी सासूबाईंची उलटतपासणी. मी म्हटलं, "तुम्ही." तुम्ही म्हणालात, "जा." रात्री तुमच्या मुलानं हसत हसत समजावलं. शीतगृहात शेवटचं बटण आपलं आपण लावायचं नसतं, ते जोडीदारानं लावायचं, आणि लावताना काहीतरी फालतू प्रश्न विचारायचा. उत्तर नीट आलं तर माणूस शुद्धीवर आहे. नोकरी संपली तरी सवय गेली नाही. मग मीही रोज दारात मान वर करून उभी राहायला लागले. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, बटण नसलेल्या झग्यातसुद्धा.

तुमच्या मुलाबद्दल माझ्या मनात विष नाही, एवढंच लिहिते. तो वाईट नव्हता. घरात असून नसल्यासारखा होता. आठवडे आठवडे न बोलणाऱ्या माणसाशी भांडतासुद्धा येत नाही.

हेल्मेटखाली कानटोपी घालावी का?

बेडकी


२८ ऑगस्ट

कानटोपी पातळ घाल. जाड घातलीस तर हेल्मेट डोक्यावर पाहुण्यासारखं बसेल.

सगळ्या चेनांना नाडी बांध, बोट अडकेल एवढा फासा ठेव. लाकडी बोटांना चिमूट धरता येत नाही, पण फाशात अडकवता येतं. पायमोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर बूट. हातमोज्यांच्या आत भांडी घासायचे रबरी मोजे. उतार सुरू व्हायच्या आधी छातीवर वर्तमानपत्राची घडी. आमचे गाडीवाले तेच करायचे.

पिशवी भरताना आधी घालायचं ते सगळ्यात वर. मागच्या पत्रावरून वाटतं की तू उलटी भरतेस. कपाटही तसंच लावायचीस.

पहिल्या पत्रात त्याचा घोटा मोडला होता, दुसऱ्यात मनगट. शर्यत येईपर्यंत तुझ्या सायकलवाल्याचं काही शिल्लक राहील असं वाटत नाही.

मी येणार नाही. माझे गुडघे आणि तुमचे डोंगर, जमायचं नाही.


५ सप्टेंबर

आई,

पकडलंत. त्याला काहीही झालेलं नाही, ठणठणीत आहे, आणि मी पत्रात त्याची हाडं मोडतेय हे त्याला माहीतसुद्धा नाही. तो यायला तयार आहे. मैत्रीण तयार आहे, कारखान्यातली दोन माणसं तयार आहेत. मला तुम्ही हव्या होत्या. सरळ लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून घोटा मोडला.

आणि आता खोटं उघडं पडलंच आहे तर त्या दिवसाबद्दलही लिहिते. लिहिणार नव्हते, पण राहवत नाही.

सामान टॅक्सीत गेलं होतं. तुमचा मुलगा आतल्या खोलीत होता, तो बाहेर आला नाही, त्याचं मला नवल वाटलं नाही. तुम्ही दारात होतात. बाहेर बोचरा वारा होता आणि मी कोट घातला होता. सवयीनं मान वर करून उभी राहिले. तुमचे हात वर आले, माझ्या गळ्यापर्यंत आले, आणि तुम्ही ते मागे घेतलेत. पदरात गुंडाळून घेतलेत. प्रश्नही विचारला नाहीत. मी थोडा वेळ थांबले, मग पायऱ्या उतरले. टॅक्सीत बसेपर्यंत गळा उघडाच होता, मी तो मुद्दाम उघडा ठेवला.

नवरा सोडताना मी रडले नव्हते, आई. त्या बटणासाठी रडले. शेजारणीचं बटण लावलंत, दूध घालायला येणाऱ्याचं लावलंत, वीजमंडळाच्या माणसाचं लावलंत, आणि माझ्या वेळेला हात आखडता घेतलात. ज्या घरात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, त्यानंही मला परकं करून टाकलं असं वाटलं. अजून वाटतं.

आता तुम्ही लिहाल, कपड्यांबद्दल विचार, बाकीचं नको. तेव्हा विचारते. पाण्यातून आल्यावर आधी काय कोरडं करायचं, केस की पाय?

बेडकी


२३ सप्टेंबर

आई,

उत्तर आलं नाही. वाटलं, संपलं. आणि आज पार्सल आलं.

लोकरीचे दोन पातळ स्वेटर, दोन्ही राखाडी, दोन्हींच्या गळ्याशी एकेक मोठं काळं बटण. शीतगृहाच्या कोटांवर असायची तसलं. एक भिजेल म्हणून दुसरा, हे न लिहिताही कळलं. आत चिठ्ठी होती: "आधी पाय. शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. खोली वेगळी हवी, तू घोरतेस."

मी घोरत नाही. पण खोली वेगळी घेतली आहे, खालच्या मजल्यावरची, पायऱ्या नाहीत. स्टेशनवर मी उभी असेन. अंगात कोट असेल, गर्दीत ओळखायला सोपं.

बेडकी


१२ ऑक्टोबर

आई,

सोमवारी सकाळी तुम्ही मला न उठवताच निघून गेलात. खोलीत फक्त नीट घडी घातलेलं पांघरूण. रविवारी गाडीतही बोलला नाहीत, मीही बोलण्याच्या अवस्थेत नव्हते. झोपायच्या आधी एवढंच म्हणालात, "डोंगरावर काय झालं ते मला दिसलं नाही. लिहून कळव." म्हणून लिहिते. डोंगरापलीकडच्या दुसऱ्या तंबूतलं, जिथे तुम्हा मदतनिसांना गाडीनं नेलं होतं, मला धड आठवत नाही, त्यात चुकलं तर दुरुस्त करा.

सकाळी तळ्यावर धुकं होतं, पाणी अंगाला चावत होतं, पण दहा-बारा हात मारल्यावर बरं वाटायला लागलं. पाण्यात मला कधीच कुणाची गरज वाटत नाही. काठ आला तेव्हा मात्र उभं राहता येईना. तंबूत शिरले आणि तुम्ही टॉवेल घेऊन उभ्या होतात. आजूबाजूचे मदतनीस 'शाब्बास, मस्त' करत होते आणि तुम्ही मला भांडं पुसावं तशी पुसत होतात. आधी पाय, मग पिशव्या, मग बूट. बाह्या सरसर चढवल्यात. स्वेटर घातलात आणि बटणाला हात लावून विचारलंत, "आज वार कोणता?"

"रविवार. आणि तुमची कवळी सैल झालीय, टकटक ऐकू येतेय."

"जा," म्हणालात, आणि बटण लावलंत.

मी सायकलपर्यंत पळत गेले. शेजारच्या माणसाला वाटलं पाण्यामुळे डोळे लाल झालेत.

चढ सगळा तुमच्या सांगण्याप्रमाणे केला. जॅकेट सायकलच्या मागच्या पिशवीत घडीतच राहू दिलं, घाम यायच्या आधी बाह्या खाली केल्या, स्वेटरसुद्धा वरून सैल केला. गेल्या वर्षी जिथे धापा टाकत होते तिथून गुणगुणत गेले. आणि खिंडीत पोचले तर काय ऊन! खाली दरी लख्ख दिसत होती, पलीकडचं गावसुद्धा. सगळे न थांबता उताराला लागत होते.

जॅकेट घालून उतरले होते आणि खाली आल्यावर काढलं, असं मी तंबूत तुम्हाला सांगितलं. ते खरं नाही. मी थांबलेच नाही. छातीवर वर्तमानपत्र तेवढं खुपसलं आणि सुटले. गेल्या वर्षीचा वेळ मागे टाकायचा होता, आणि एवढ्या उन्हात जॅकेट घालायचं म्हणजे वेडेपणा वाटला.

तिसऱ्या वळणावर ढग आला. धुकं वाटलं, मग भुरभुर, मग बर्फाचा चुरा तोंडावर. उतारावर पाय चालवायचे नसतात, त्यामुळे अंगात ऊब कुठून येणार? नुसतं बसायचं आणि वारा खायचा. एकदा थांबले, पिशवीतून जॅकेट बाहेर काढायला. चेनांना नाड्या बांधल्या होत्या, पण पिशवीच्या झाकणाला टिचबटण होतं, तिथे नाडी बांधायचं सुचलं नव्हतं. ते मला उघडेना. दातांनी ओढलं तरी उघडेना. मग तशीच निघाले. ब्रेक दाबला जातोय की नाही ते बोटांकडे बघून ठरवावं लागत होतं. छातीवरच्या बातम्यांचा लगदा झाला.

शेवटी शेवटी मात्र बरं वाटायला लागलं. दात वाजायचे थांबले. वाटलं, चला, सवय झाली.

इथून पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. तंबूत तुम्ही ओलं सगळं काढलंत, पाय चोळलेत, कोरडा स्वेटर डोक्यातून घातलात. मी म्हणत होते, वेळ नाही, धावायला सोडा. तुम्ही माझ्या हनुवटीला धरून विचारलंत, "माझी कवळी कुणी केली?"

मी म्हटलं, "सायकलवाल्यानं."

तुमचे हात माझ्या गळ्यापर्यंत आलेले होते. ते मागे गेले. अगदी तसेच, आई. अगदी तसेच मागे घेतलेत आणि पदरात गुंडाळलेत. बाकी सगळं धूसर आहे, पण एवढं लख्ख आठवतं, कारण थंडीतसुद्धा ते मला लागलं. वाटलं, ही बाई एवढ्या लांबून पुन्हा हेच करायला आली?

वेळ बघणारी बाई आली. "आजी, सोडा तिला, धावायच्या वाटेचं फाटक बंद व्हायची वेळ होत आलीय."

तुम्ही म्हणालात, "मला ऐकू येत नाही."

ती ओरडली, "तिला सोडा!"

"काही ऐकू येत नाही बाई, यंत्रांनी कान गेले माझे," म्हणालात आणि मला खाली बसवून माझ्यावर चार जणांची पांघरुणं टाकलीत. कुणीतरी गरम साखरेचं पाणी आणून दिलं. तो सायकलवाला होता, दोन्ही पायांवर धडधाकट. तुम्ही त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलंत, तेही आठवतं.

मग मला हुडहुडी भरली. दात असे वाजायला लागले की जीभ चावली जाईल. तुम्ही समोर बसून होतात. बऱ्याच वेळानं पुन्हा विचारलंत, "माझी कवळी कुणी केली?"

"मी केली. आणि वरचा एक दात जरासा वाकडा तुम्हीच मागून घेतलात, नाहीतर खोटे वाटतील म्हणून."

तेव्हा बटण लावलंत आणि "जा" म्हणालात.

फाटक केव्हाच बंद झालं होतं, तरी बाजूनं निघून मी धावले, मग चालले, मग नुसते पाय टाकले. पोचले तेव्हा शेवटच्या कमानीतली हवा काढून तिची घडी घालत होते. यादीत माझ्या नावापुढे 'अपूर्ण' लिहिलंय. तुम्ही आणि सायकलवाला तिथे उभे होतात, बाकी कुणी नव्हतं.

आता खरं लिहिते. मी रागावले आहे. थोडी शर्यतीसाठी. तुम्ही अडवलं नसतंत तर कदाचित वेळेत पोचले असते. पण जास्त त्या हातांसाठी. दोन वेळा माझ्या गळ्यापर्यंत आणून मागे घेतलेत. लावायचं नसतं तर येता कशाला गळ्यापर्यंत? हे विचारल्याशिवाय मला कवळीचं पुढचं माप घेता येणार नाही.

बेडकी


१९ ऑक्टोबर

बेडके,

रागाव. माणूस जिवंत असला की रागावतो. त्या दिवशी तंबूत तू रागावत नव्हतीस, गोड हसत होतीस. तेव्हाच मला घाम फुटला.

आधी दुरुस्त्या. पाणी साखरेचं नव्हतं, मधाचं होतं. पांघरुणं चार नाहीत, तीन, चौथा माझा कोट होता. सायकलवाला चांगला माणूस आहे, त्याचा घोटा तर फारच चांगला. तू वेळेत पोचली असतीस हे खोटं. तू फाटकापर्यंतसुद्धा पोचली नसतीस. उठून उभी राहिलीस आणि पिशवी घेऊन उलट्या दिशेनं, पुन्हा डोंगराकडे चालू लागलीस. मी हाताला धरून परत आणली. ते तुला आठवत नाही.

जॅकेटचं मला तेव्हाच कळलं होतं. सकाळी घडी मी घातली होती, दुपारी पिशवीतून निघाली ती माझीच घडी. ऊन बघून कपडे ठरवणारी तू पहिली नाहीस. आभाळाकडे नाही बघायचं, पुढच्या तासाकडे बघायचं. पुढच्या वर्षी पिशवीच्या झाकणालाही नाडी बांध.

आता बटण.

तुला माझ्या मुलानं अर्धीच गोष्ट सांगितली. अर्धवट बोलायची त्याला सवय, तुलाही ते ठाऊक आहे. उत्तर नीट आलं तर बटण लावायचं, हे खरं. पण नाही लावलं तर काय, ते त्यानं सांगितलं नाही. आमच्याकडे बटण न लावता हात मागे घेतले की त्याचा एकच अर्थ: तू जायचं नाहीस. इथेच थांब. मग साहेब ओरडो, गाडी खोळंबो, माल सडो, तो माणूस दारातून हलायचा नाही. तोंडानं काही बोलावं लागत नसे. यंत्रांच्या आवाजात बोललेलं ऐकू येतंय कुणाला?

घरात हे तुला दिसलं नाही, कारण घरातून मी कधी कुणाला अडवलंच नव्हतं. शेजारीण, दूधवाला, वीजवाला, सगळ्यांना बटण लावून पाठवून दिलं. ते जाणारेच होते. अडवलं ते एकटीला.

त्या दिवशी दारात मी आपली वाट बघत उभी होते, ही आता थांबेल. तू पायऱ्या उतरलीस. मला वाटलं, पोरीनं माझं ऐकलं नाही. तेव्हापासून मी फुगून बसले होते. तू तिकडे रडत होतीस आणि मी इकडे. अडवायला नको होतं, हेही आता कळतं. त्या घरात तुझे दात वाजायचे केव्हाच थांबले होते. दारावर सगळं आयुष्य काढलं आणि घरातलं माणूस मला ओळखता आलं नाही. तू स्वतःच दार उघडून बाहेर पडलीस, बरं केलंस. पण 'थांब' म्हणाले होते, एवढं तुला माहीत असू दे.

सोमवारी न बोलता गेले, कारण हे सगळं बोलायचं तर मला तुझी उत्तरं ऐकू आली नसती, आणि ती मला ऐकायची होती. पत्रात दिसतात.

कवळी सैल झाली आहे. तोंड आलं आहे, दोन महिने मऊच खाते आहे. तुझी हत्यारं घेऊन रविवारी ये. गारठा वाढला आहे, कोट घालून ये.

जाताना दारात उभी राहा. बटण लावीन, नाहीतर लावणार नाही. तेव्हाचं तेव्हा बघू.

आई